चमत्कार पुष्कळ झाले, आता माणसं दाखवा

२०२० च्या आषाढीला पंढरपुरात वारकरी नव्हते. मानाच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून आल्या, शहरात संचारबंदी होती आणि चंद्रभागेचं वाळवंट रिकामं पडलं होतं. १ जुलैच्या पहाटे विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा झाली, ती महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली. ज्या घरांतली वारी पिढ्यान् पिढ्या चुकली नव्हती, त्या घरांतही त्या वर्षी पडद्यासमोरच हात जोडले गेले.

पडद्यावरच्या देवाला नमस्कार करणं आपल्याकडे नवं नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे आणि कुठे कुठे टीव्हीला हारही घातला जायचा. लॉकडाऊनमध्ये, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शननं तीच मालिका पुन्हा लावली आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं जाहीर केलं. वर्ष सरता सरता, २८ डिसेंबरला, कलर्स मराठीवर ‘जय जय स्वामी समर्थ’ सुरू झाली. पुढच्या एप्रिलमध्ये मंदिरं पुन्हा बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. त्या सहा महिन्यांत ज्यांना अक्कलकोटला जाता येत नव्हतं, त्यांना स्वामी रोज घरी भेटत होते. मालिकेचे आता हजाराहून अधिक भाग झाले आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. लाखो मराठी घरांत श्रद्धेचं मोठं काम आता टीव्ही करतो. मग तो ते कसं करतो, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे आणि सोलापूरकराला तर जरा जास्तच आहे. कारण भक्तिमालिकांचा कितीतरी मालमसाला याच एका जिल्ह्यातून जातो. पंढरपूर इथलं, अक्कलकोट इथलं. चोखोबा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत यांचं मंगळवेढा इथलं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं तर हे शहरच. एवढं सगळं ज्या मातीत आहे, ती माती पडद्यावर मात्र फारशी दिसत नाही. दिसतात ते चमत्कार.

गेल्या दहा-बारा वर्षांची यादी नजरेखालून घालावी. २०१४ मध्ये झी मराठीवर ‘जय मल्हार’ आणि तेव्हाच्या ई टीव्ही मराठीवर, म्हणजे आजच्या कलर्स मराठीवर, तुकोबांवरची ‘तू माझा सांगाती’ आली. २०१७ मध्ये स्टार प्रवाहवर ‘विठू माऊली’ आणि पुढच्या वर्षी कलर्स मराठीवर ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ सुरू झाली. २०२१ मध्ये सोनी मराठीवर ‘ज्ञानेश्वर माउली’ आली. या मालिकांना सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. त्यांच्यामुळे अनेक घरांत नातवंडं आजीशेजारी बसून संतांची नावं शिकली. चिन्मय मांडलेकरांचा तुकाराम किंवा अक्षय मुडावदकरांचे स्वामी लोकांना मनापासून भावले आणि ही माया काही जाहिरातीनं विकत घेता येत नाही.

अडचण आहे ती साच्याची. रोज अर्ध्या तासाच्या भागाला रोज एक पेच हवा आणि तो सोडवायला हुकमी उपाय हवा. अडलेला गरीब, त्याला छळणारा सावकार किंवा दांभिक, मग महाराजांची नजर, पार्श्वसंगीत आणि उलगडा. हे हजार वेळा झालं की संत म्हणजे अडचणी दूर करणारी एक शक्ती एवढंच उरतं. तो माणूस कोणत्या गावात राहिला, कोणती भाषा बोलला, लोकांनी त्याला का मानलं आणि कोणी का मानलं नाही, हे सगळं गळून पडतं.

अक्कलकोटचंच पाहा. स्वामी १८५७ च्या सुमारास इथे आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथेच राहिले. ते मूळचे कुठले, याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. ज्याचा गाव-ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता, असा माणूस एका छोट्या संस्थानी गावात येतो, चोळप्पांसारख्या साध्या गृहस्थाच्या घरी राहतो आणि पाहता पाहता दूरदूरची माणसं त्याच्या ओढीनं येऊ लागतात. ते साल आणि तो काळ आठवला की ही गोष्ट किती विलक्षण आहे हे कळतं. उत्तरेत उठाव पेटून विझत होता, संस्थानं दबकून होती, माणसं हवालदिल होती. धीर देणाऱ्या माणसाची गरज तेव्हा का वाटली असेल, हा प्रश्न मालिकेतल्या कुठल्याही चमत्काराइतकाच खिळवून ठेवणारा आहे. अक्कलकोट तालुक्यात आजही घराघरांत कानडी बोलली जाते. मालिकेतल्या अक्कलकोटात ती क्वचितच कानावर पडते.

अक्कलकोटच्या अन्नछत्राचंही तसंच. १९८८ पासून तिथे आलेल्या माणसाला जेवू घातलं जातं. तिथला कोठीघराचा हिशोब, भल्या पहाटे पेटणाऱ्या शेगड्या, धान्य पाठवणारे शेतकरी, वाढप करायला सुट्टी काढून येणारे नोकरदार हा एका संबंध कार्यक्रमाचा ऐवज आहे. भक्ती म्हणजे काय याचं उत्तर तिथे पंगतीला बसल्या बसल्या मिळतं.

आणि मग सोलापूर शहरातली सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास वाहिन्यांच्या बातम्यांत तिला एक-दोन मिनिटं मिळतात. ड्रोनमधून दिसणारी गर्दी, शोभेचं दारूकाम, एखाद्या नेत्याचं दर्शन, की संपलं. प्रत्यक्षात ही यात्रा म्हणजे श्रद्धेवरच्या कार्यक्रमासाठी आयती लिहून ठेवलेली संहिता आहे.

बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघतात. उंचच उंच काठी, तिचा सगळा भार कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर पेलायचा आणि दोन्ही हातांनी तोल सांभाळत चालायचं. पेलणारा पांढऱ्या बाराबंदीत असतो. बाजूचे लोक दोर धरून असतात, पण तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. त्याच्या पावलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि त्याची नजर वर ध्वजाच्या टोकाकडे. ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र’ असा पुकारा उठतो आणि हजारो कंठांतून उत्तर येतं. यात्रेच्या कितीतरी आधीपासून तरुण पोरं हा सराव करत असतात. नंदीध्वज सात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत आणि शेवटचे मातंग समाजाकडे. हा मान कसा ठरला, कधी ठरला, त्यावर कधी वाद झाले का, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारावं. उत्तरं देता देता ते या शहराचा सामाजिक इतिहास सांगून जातील.

पहिल्या दिवशी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कथा अशी की कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरला. ते लिंगांगी, संसार करणार नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला अनुमती दिली. त्या विवाहाची संमती आजही वाचली जाते. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हे शब्द कानावर आले की भोवतालच्या गच्च्यांवरून, रस्त्यांवरून, झाडांवरून अक्षतांचा पाऊस पडतो. त्यात मराठी असतात, कानडी असतात, तेलुगू असतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांना शालू नेसवून, त्या कुंभारकन्येचं रूप मानून, त्यांना अग्नी दिला जातो. रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य-गूळ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभावाचा अंदाज बांधतात. ही भाकणूक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते.

यातलं एकेक पान उलगडावं असं आहे. कुंभारकन्येच्या कथेतल्या स्त्रीला काय हवं होतं आणि तिच्या वाट्याला काय आलं, हे आजच्या सोलापुरातल्या मुलींना विचारलं तर त्या काय सांगतील? भाकणुकीवर शेतकरी खरोखर पेरणी ठरवतो, की ते वर्षाच्या सुरुवातीला एकत्र जमून चिंता वाटून घेणं आहे? ज्या सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत, ज्यांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला असं परंपरा सांगते, त्यांना मराठी बोलणारं शहर आपलं ग्रामदैवत कसं मानू लागलं? असे प्रश्न विचारल्यानं श्रद्धा दुखावत नाही. गड्ड्यात पिढ्यान् पिढ्या मान असलेली माणसं तर अशी कथा तासन्‌तास सांगतात. ऐकणारा हवा आणि कॅमेरा थांबायला हवा.

मराठी टीव्हीवर श्रद्धा म्हणजे बहुतेक वेळा हिंदू संत आणि दैवतं, एवढाच अर्थ उरला आहे. सोलापुरात तो अर्थ तोकडा पडतो. पूर्वभागात राहणारा तेलुगू भाषक पद्मशाली समाज नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव साजरा करतो. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या कामगार वस्त्यांचा तो सण आहे. इथल्याच जैन संस्कृती संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमालेतून प्राकृत-संस्कृतातले जुने ग्रंथ संपादित करून छापले आणि जगभरच्या अभ्यासकांना सोलापूरचा पत्ता माहीत झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथे आले, त्यांच्या शाळा आणि चर्च इथे उभी राहिली. जिल्ह्यातल्या अनेक गावांत मोहरमच्या पंज्यांना हिंदू घरंही मानतात. १४ एप्रिलला याच शहरात रस्ते निळे होतात आणि घराघरांत बुद्धवंदना होते. एका शहरातली शेजारी शेजारी राहणारी ही माणसं एकमेकांच्या देवघरात, मशिदीत, विहारात काय चालतं हे पुरतं जाणत नाहीत. ते दाखवण्याचं काम ज्या माध्यमाला सगळ्यात सोपं आहे, ते माध्यमच ते करत नाही.

पंढरपूरच्या बाबतीत वाहिन्या वर्षातून पंधरा दिवस जाग्या होतात. दिवेघाट, रिंगण, फुगडी घालणारे कलावंत, एकादशीची महापूजा. चित्रं सुंदर असतात, त्यांना कोण नाही म्हणेल? पण द्वादशीला गाड्या परत जातात आणि तिथेच खरा विषय सुरू होतो. लाखो माणसं गेल्यावर वारकऱ्यांच्या मुक्कामाचा ‘६५ एकर’ तळ आणि वाळवंट कोण साफ करतं? मैला उचलण्याच्या प्रथेवरून आणि वारकऱ्यांच्या शौचालयांवरून मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला फैलावर घ्यावं लागलं. ही गोष्ट वारीच्या धार्मिक कार्यक्रमात यायला हवी. विठोबाच्या दारात माणसाला माणसानं कसं वागवायचं, हाच वारकरी परंपरेचा मूळ प्रश्न आहे. चोखोबांना देवळाबाहेर राहावं लागलं, मंगळवेढ्याचं कुसू कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी झाली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसावं लागलं तेव्हा दलितांसाठी मंदिर उघडलं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वंशपरंपरागत पुजारी असलेल्या बडवे-उत्पातांचा मंदिरावरचा दावा फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेसाठी ब्राह्मणेतर आणि स्त्री पुजारी नेमले. साडेसहाशे वर्षांचा हा प्रवास आहे, त्यात नाट्य आहे, वेदना आहे, न्यायालय आहे. यावर एखादी मालिका आली तर तिला चमत्काराची गरज पडणार नाही.

रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव होता आणि पुढे तो वैष्णवांचा झाला, असं त्यांनी मांडलं. कुणी ते मान्य करावं, कुणी खोडून काढावं. पण पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावर कॅमेरा लावून या पुस्तकातला प्रश्न कुणी विचारला, तर सांगोल्याचा धनगर म्हातारा, देहूचा कीर्तनकार आणि विद्यापीठातला अभ्यासक तिघंही तावातावानं बोलतील. असा कार्यक्रम पाहायला मराठी माणूस बसणार नाही, असं कोण म्हणतं?

उलट काय होतं ते मे २०२४ च्या अखेरीस दिसलं. मंदिराच्या जतनाचं काम चालू असताना फरशीखाली एक लहानसं तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी त्यांचा काळ आणि शैली समजावून सांगत होते, आणि वाहिन्यांवर दिवसभर भुयार, गूढ, रहस्य असे शब्द फिरत होते. मूर्ती दडवून ठेवाव्या लागल्या असतील तर कोणत्या संकटात, कुणी आणि कसं, हे कळण्याची संधी त्या आरडाओरड्यात वाया गेली.

निव्वळ चमत्कार दाखवत राहण्याचा धोका कुठवर जातो, याचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. करमाळा तालुक्यातल्या उंदरगावात बाळूमामांचा वारसा सांगणाऱ्या एकाभोवती मोठा दरबार भरू लागला. २०२१ मध्ये त्याच्यावर फसवणुकीच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला आणि त्याला अटक झाली. खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आणि मालिकेमुळे हे घडलं असं म्हणणंही चुकीचं होईल. पण ज्या काळात बाळूमामांचं नाव रोज घराघरांत ऐकू येत होतं, त्याच काळात त्या नावावर आपला हक्क सांगणं सोपं झालं, एवढं तर कुणालाही दिसेल. खऱ्या बाळूमामांची मेंढरं, आदमापूर, धनगरवाडे आणि त्यांचं साधं जगणं नीट दाखवणारे चार कार्यक्रम झाले असते, तर तोतया ओळखायला लोकांना मदत झाली असती.

कायदा या बाबतीत टीव्हीच्या पुढे आहे. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन यांना स्पष्ट संरक्षण आहे. बंदी आहे ती चमत्काराच्या नावावर लुबाडण्याला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या जाहिराती या कायद्यात गुन्हा ठरतात असं सांगितलं आणि त्या दाखवणाऱ्या वाहिन्याही जबाबदार आहेत असं बजावलं. एका शिक्षकानं केलेल्या याचिकेवरचा हा निकाल आहे. दैवी यंत्राच्या अशा जाहिराती आणि भक्तीच्या मालिका एकाच पडद्यावर लागतात, पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कोण सांगणार?

दुसरीकडे काय झालं आहे तेही पाहावं. १९७७ मध्ये बीबीसीनं ‘द लाँग सर्च’ नावाची तेरा भागांची मालिका केली. रोनाल्ड आयर हे तिचे निवेदक. पेशानं नाट्यदिग्दर्शक, धर्माचे पंडित नव्हेत. ते जगभर हिंडले, मठात, मशिदीत, गावदेवळात गेले आणि साध्या माणसाला पडतात ते प्रश्न त्यांनी विचारले. त्याच वाटेनं गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक महाराष्ट्रात वर्षानुवर्षं काम करून गेले. खंडोबा, धनगर आणि वारी यांवर त्यांनी हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत माहितीपट केले. बाहेरून आलेल्या माणसाला दिसलं ते इथल्या वाहिन्यांना का दिसू नये?

आणि बाहेर जायचीही गरज नाही. १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ आपलाच. त्यात चमत्कार आहेत. पण तो चित्रपट लोकांच्या मनात राहिला तो विष्णुपंत पागनीसांच्या निरागस तुकोबांइतकाच गौरीबाईंच्या जिजाईमुळे. आजारी पोराला घेऊन ती तावातावानं देवळात जाते आणि विठ्ठलाला जाब विचारते. घरात दाणा नाही, नवरा भजनात, पोर तापानं फणफणलेलं, आणि तरी तिचं देवाशी भांडण आहे, नातं तुटलेलं नाही. श्रद्धा म्हणजे काय, हे त्या प्रसंगातून कळतं. म्हणूनच व्हेनिसमध्येही तो चित्रपट नावाजला गेला.

वाहिन्या सांगतात की लोकांना चमत्कारच हवे असतात आणि प्रश्न विचारले की भावना दुखावतात. हे दोन्ही पटत नाही. वारकरी कीर्तनात अभंग घेऊन त्याच्या शब्दाशब्दावर चिकित्सा होते, दृष्टांत दिले जातात, शंका मांडल्या जातात, सोडवल्या जातात. गावोगावचे अशिक्षित म्हणवले गेलेले श्रोते तीन-तीन तास ते ऐकतात. सोनी मराठीनं २०२५ मध्ये कीर्तनकारांची स्पर्धाच घेतली, म्हणजे कीर्तनाला प्रेक्षक आहे हे वाहिन्यांनाही कळलं आहे. गावाकडच्या श्रोत्यांची समज त्यांनी कमी धरू नये.

मागणी फार मोठी नाही. सह्याद्री वाहिनीनं आठवड्याला अर्धा तास द्यावा. खासगी वाहिन्यांनी भक्तिमालिकेच्या उत्पन्नातला थोडा भाग त्याच विषयावरच्या माहितीपटांकडे वळवावा. मालिकेच्या संशोधन विभागात एक स्थानिक अभ्यासक आणि एक कानडी जाणणारा माणूस ठेवावा. सोलापूर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना कॅमेरा देऊन पाठवावं. वाहिन्यांच्या लोकांनी येत्या जानेवारीत संक्रांतीआधी आठवडाभर बाळीवेशीत मुक्काम करावा, नंदीध्वज पेलणाऱ्या पोरांसोबत सराव पाहावा, कुंभारवाड्यात बसावं, मातंग समाजातल्या मानकऱ्यांशी बोलावं आणि मग संमती कट्ट्यावर कॅमेरा लावावा. आणि प्रेक्षकांनी, विशेषतः सोलापूरच्या प्रेक्षकांनी, वाहिन्यांना पत्रं लिहून हे मागावं. मागितल्याशिवाय मिळणार नाही.